पेनल्टी संपते कधी? मैदानावरच्या पोरापोरींसाठी कानमंत्र

पोरांनो आणि पोरींनो, पेनल्टी मारायची कशी हे शिकवणारे मैदानाच्या प्रत्येक कोपऱ्यावर भेटतात. कोपरा आधीच ठरव, कीपरच्या डोळ्यांत बघू नकोस, मारताना मान खाली ठेव. पण पेनल्टी संपते कधी, हे कुणी सांगत नाही. आणि भांडणं होतात ती नेमकी तिथेच.

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर दोन तालमींच्या फुटबॉल संघांचा सामना टायब्रेकरवर गेला की काय होतं, ते तुम्ही पाहिलंच आहे. कीपरने चेंडू अडवला की अर्धी गॅलरी उसळते, राखीव खेळाडू आत धावतात, कीपर हात उंचावून पळत सुटतो. त्याच्या पाठीमागे चेंडू मात्र अजून गरगरत असतो.

मी खेळलो, पुढे बरीच वर्षं पंचगिरी केली आणि आता पोरांना शिकवतो. एवढ्या काळात एक गोष्ट मनात पक्की झाली आहे. पेनल्टीचा शेवट गॅलरी ठरवत नाही आणि कीपरचा आनंदही ठरवत नाही. तो चेंडू ठरवतो, आणि पंचाची शिट्टी ते जाहीर करते. निकाली कुस्तीत पाठ टेकल्याशिवाय निकाल नाही, हे खासबागेत लहान पोरालाही सांगावं लागत नाही. पेनल्टीतही असाच एक नेमका क्षण असतो. तो ओळखता यावा म्हणून हे कानमंत्र.

पहिला: आधी ओळखा, पेनल्टी कोणत्या प्रकारची

बाहेरून सगळ्या पेनल्ट्या सारख्याच दिसतात. गोललाइनपासून ११ मीटरवर चेंडू, समोर एकटा कीपर, त्याच्या मागे ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच गोल. पण नियमाच्या दृष्टीने त्या तीन प्रकारच्या असतात. पहिली चालू सामन्यातली. दुसरी वेळ संपल्यावर, फक्त ती किक घेता यावी म्हणून वेळ वाढवून दिलेली. तिसरी टायब्रेकरमधली. पहिल्या दोन चौदाव्या नियमात येतात आणि टायब्रेकर दहाव्या नियमात. तिघींचा शेवट वेगवेगळ्या ठिकाणी होतो.

म्हणून पंचाने ठिपक्याकडे बोट दाखवलं की कॅप्टनने स्वतःला पहिला प्रश्न विचारायचा: ही यांतली कोणती? सामना शेवटाकडे आला असेल तर पंचाजवळ जाऊन नम्रपणे विचारा, "सर, वेळ आहे की एवढी किकच?" उत्तर मिळालं की आपल्या सगळ्या खेळाडूंना सांगा. या एका प्रश्नावर तुमच्या उरलेल्या नऊ खेळाडूंनी कुठे उभं राहायचं आणि कुठे धावायचं, हे अवलंबून असतं.

आणि पंचांनो, कुणी विचारायची वाट बघू नका. वेळ संपली असेल तर किकच्या आधीच दोन्ही कॅप्टनना बोलावून स्पष्ट सांगा. आधी सांगितलेलं सगळे ऐकतात, किक झाल्यावर सांगितलेलं कुणी ऐकत नाही.

दुसरा: चालू सामन्यात कीपरने अडवलं म्हणजे काहीच संपलं नाही

चालू सामन्यातली पेनल्टी पूर्ण कधी होते? चेंडू थांबला, मैदानाबाहेर गेला किंवा नियमभंगासाठी पंचाने खेळ थांबवला की. कीपरच्या हाताला लागून किंवा पोस्टवर आदळून चेंडू मैदानातच राहिला तर खेळ चालूच आहे. रिबाउंड कुणीही मारावा, कुणीही बाहेर काढावा. फक्त मारणाऱ्याला एक अट आहे, ती तिसऱ्या कानमंत्रात.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण १२ मे २०१३ चं. इंग्लंडातल्या चॅम्पियनशिपच्या प्ले-ऑफमधली उपांत्य फेरी, वॅटफोर्ड विरुद्ध लेस्टर. सामना इंज्युरी टाइममध्ये होता आणि पेनल्टी मिळाली लेस्टरला. ती जाळ्यात गेली असती तर लेस्टर थेट वेम्ब्लीच्या अंतिम सामन्यात. अँथनी नॉकार्टने मारली, वॅटफोर्डचा कीपर मॅन्युएल अल्मुनियाने अडवली. चेंडू परत नॉकार्टकडेच आला, त्याने पुन्हा मारला, अल्मुनियाने पुन्हा अडवला. वॅटफोर्डच्या बचावपटूने चेंडू दूर काढला, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला क्रॉस आला, तो हेडरने खाली दिला गेला आणि ट्रॉय डीनीने तो जाळ्यात घातला. दोन सामन्यांचा मिळून निकाल ३-२, वॅटफोर्ड अंतिम फेरीत.

या प्रसंगाकडे पंचाच्या नजरेने पाहा. वेळ संपल्याचं जाहीर करून फक्त किकपुरता सामना वाढवलेला असता, तर नॉकार्टचा दुसऱ्यांदा पाय लागताच खेळ संपला असता आणि डीनीचा गोल झालाच नसता. वेळ शिल्लक होती म्हणून चेंडू जिवंत राहिला.

यातून तिघांनी धडा घ्यायचा. कीपरने चेंडू समोर न ढकलता बाजूला ढकलायचा आणि लगेच उठायचं. डीच्या, म्हणजे पेनल्टी एरियाच्या, रेषेबाहेर उभ्या बचावपटूंनी किक पाहत बसायचं नाही, चेंडूला पाय लागताच रिबाउंडवर धावायचं. आणि हल्ला करणाऱ्या संघाने मागे किमान दोन माणसं ठेवायची. पेनल्टी मिळाली म्हणून सगळेच डीच्या कडेला गोळा झाले तर लेस्टरसारखी गत होते.

तिसरा: मारणाऱ्याने आपला दुसरा स्पर्श सांभाळायचा

किक मारणाऱ्याला चेंडूला एकदाच पाय लावता येतो. दुसऱ्या कुणाचा तरी स्पर्श झाल्याशिवाय त्याने पुन्हा खेळायचं नाही. चेंडू पोस्टला किंवा क्रॉसबारला लागून थेट तुझ्या पायाशी आला तर हात लावू नकोस, पाय लावू नकोस, साथीदाराला मारू दे. तू मारलास तर समोरच्या संघाला इनडायरेक्ट फ्री किक. पण तोच चेंडू कीपरला लागून आला असेल तर बेलाशक मार, कारण मध्ये कीपरचा स्पर्श झालेला आहे. सरावात हे दोन्ही प्रकार करून घ्या. रिबाउंड येतो तेव्हा विचार करायला वेळ नसतो, पायांनाच ते ठाऊक असावं लागतं.

नकळत झालेल्या दोन स्पर्शांचं काय? १२ मार्च २०२५ ला चॅम्पियन्स लीगमध्ये अ‍ॅटलेटिको माद्रिद आणि रेआल माद्रिद यांचा सामना टायब्रेकरवर गेला. अ‍ॅटलेटिकोच्या हुलियान अल्वारेझचा पाय मारताना घसरला. चेंडू जाळ्यात गेला, पण जाण्याआधी त्याच्या टेकलेल्या पायाला किंचित लागला होता. व्हीएआरने, म्हणजे व्हिडिओ पंचांनी, ते पकडलं आणि गोल रद्द झाला. रेआल ४-२ ने जिंकली. जगभर वाद झाला. त्याच वर्षी जूनमध्ये नियम ठरवणाऱ्या आयएफएबीने खुलासा केला: दुसरा स्पर्श चुकून झाला आणि गोल झाला, तर किक पुन्हा घ्यायची. गोल झाला नाही, तर चालू सामन्यात बचाव करणाऱ्या संघाला इनडायरेक्ट फ्री किक आणि टायब्रेकरमध्ये ती किक हुकली असं धरायचं. मुद्दाम दुसऱ्यांदा मारलं तर मात्र सवलत नाही.

पावसाळी मैदानावर खेळणाऱ्या आपल्या पोरांना हा खुलासा पाठ असलाच पाहिजे. टेकणारा पाय घसरणं आपल्याकडे रोजचं आहे. किकच्या आधी ठिपक्याशेजारची जमीन पायाने चाचपून बघा, बुटाखालचा चिखल काढा, मग मागे जा.

चौथा: वेळ संपल्यावरची पेनल्टी म्हणजे एकच डाव

हाफची वेळ संपली, पण त्याआधी पेनल्टी मिळालेली आहे. अशा वेळी ती किक घेऊन पूर्ण होईपर्यंत वेळ वाढवावाच लागतो. हा नियम पेनल्टीइतकाच जुना आहे म्हटलं तरी चालेल. पेनल्टी फुटबॉलमध्ये आली १८९१ साली, आयर्लंडच्या विल्यम मॅक्रम यांच्या कल्पनेतून. त्याच वर्षी स्टोक आणि अ‍ॅस्टन व्हिला यांच्या सामन्यात घडलेला किस्सा इंग्लंडात आजही सांगतात. अगदी शेवटी स्टोकला पेनल्टी मिळाली, तर व्हिलाच्या कीपरने चेंडू मैदानाबाहेर घालवला. तो शोधून आणेपर्यंत वेळ संपली आणि पेनल्टी राहून गेली. अशी पळवाट राहू नये म्हणून पुढे पेनल्टीसाठी वेळ वाढवून द्यायची तरतूद आली.

वाढीव वेळ मिळते, पण ती फक्त त्या किकपुरती. इथे चेंडू थांबला किंवा बाहेर गेला की किक पूर्ण होतेच. त्याखेरीज बचाव करणाऱ्या कीपरशिवाय इतर कुणाचाही चेंडूला स्पर्श झाला की त्याच क्षणी सगळं संपतं. यात खुद्द मारणाराही आला. मारणाऱ्याने किंवा त्याच्या संघाने केलेल्या नियमभंगासाठी पंचाने खेळ थांबवला तरी संपतं.

याचा अर्थ नीट समजून घ्या. चेंडू कीपरला लागला, पोस्टला लागला, पुन्हा कीपरच्या पाठीला लागून आत गेला, तर गोल. कीपरचा स्पर्श किक संपवत नाही. पण कीपरने अडवलेला चेंडू मारणाऱ्याने पुन्हा मारून जाळ्यात घातला, तर गोल नाही. बचावपटूने काढायला जाऊन चुकून आपल्याच गोलमध्ये घातला, तरीही नाही. त्याचा पाय लागला तेव्हाच सामना संपलेला असतो.

१४ फेब्रुवारी २०१६ ला बार्सिलोनाच्या लिओनेल मेस्सीने सेल्टा व्हिगोविरुद्ध पेनल्टीवर गोलकडे न मारता चेंडू हलकेच पुढे ढकलला आणि मागून आलेल्या लुईस सुआरेझने गोल केला. चालू सामन्यात हे पूर्ण नियमात बसतं, कारण चेंडू पुढे गेला होता. पण हीच चाल वेळ संपल्यावरच्या पेनल्टीला कुणी करून पाहिली, तर साथीदाराचा पाय लागताच शिट्टी वाजेल आणि हातातली संधी जाईल. म्हणून वाढीव वेळेत कसल्याही करामती नकोत. सरळ गोलवर मारा.

अंतिम शिट्टी वाजल्यावरही पेनल्टी मिळू शकते का? मिळू शकते. २६ सप्टेंबर २०२० ला प्रीमियर लीगमध्ये ब्रायटन आणि मँचेस्टर युनायटेड २-२ असताना पंचाने सामना संपल्याची शिट्टी वाजवली. त्याआधीच्या हल्ल्यात ब्रायटनच्या नील मोपेच्या हाताला चेंडू लागल्याचं व्हीएआरने दाखवलं, पेनल्टी दिली गेली आणि ब्रुनो फर्नांडिसने शंभराव्या मिनिटाला गोल करून सामना ३-२ ने जिंकून दिला. घटना शिट्टीच्या आधीची होती आणि पंच मैदानातच होते, म्हणून हे नियमात बसलं. आपल्या मैदानांवर व्हीएआर नाही, पण लाइनमनचा झेंडा आहे. पंचांनो, शेवटची शिट्टी वाजवण्याआधी एकदा दोन्ही लाइनमनकडे बघायची सवय लावा.

पाचवा: टायब्रेकरमध्ये रिबाउंड नसतो, पण चेंडू जिवंत असतो

१९७० साली टायब्रेकर नियमात आला. त्यात मारणाऱ्याला चेंडूला एकदाच पाय लावता येतो. कीपरला लागून परत आला तरी दुसऱ्यांदा मारायचं नाही. किक पूर्ण होते ती चेंडू थांबल्यावर, बाहेर गेल्यावर किंवा पंचाने नियमभंगासाठी खेळ थांबवल्यावर.

इथे बरेच जण गोंधळतात. रिबाउंड मारता येत नाही, म्हणजे चेंडू परत आला की किक संपली असं त्यांना वाटतं. तसं नाही. पोस्ट, क्रॉसबार आणि कीपर यांपैकी कशालाही, कितीही वेळा लागून चेंडू आपल्या आपण रेषेच्या आत गेला तर तो गोल.

१९८६ च्या मेक्सिको विश्वचषकात २१ जूनला ग्वादालाहारात ब्राझील आणि फ्रान्स यांची उपांत्यपूर्व लढत १-१ वर सुटली. टायब्रेकरमध्ये फ्रान्सच्या ब्रुनो बेलोनची किक पोस्टवर आदळली, परत येताना ब्राझीलचा कीपर कार्लोस याच्या पाठीला लागली आणि जाळ्यात गेली. रुमानियाचे पंच इओन इग्ना यांनी गोल दिला. फ्रान्स ४-३ ने जिंकला. त्या वेळी वाद झाला. आज नियमपुस्तकात ते इतकं स्पष्ट आहे की वादाला जागा नाही.

सहावा: कीपर, चेंडू हातात आल्याशिवाय आनंद नाही

२०१० साली मोरोक्कोच्या थ्रोन कपमध्ये एफएआर रबात आणि मगरेब फेस यांच्यात टायब्रेकर चालू होता. रबातचा कीपर खालिद अस्करी याने किक सुरेख अडवली. चेंडू वर उडाला. अस्करी प्रेक्षकांकडे वळून छाती ठोकायला लागला. मागे चेंडू टप्पा पडून, फिरकी घेत हळूहळू रेषेपलीकडे गेला. पंचांनी गोल दिला, आणि तो बरोबर होता.

कीपरनो, अस्करी वाईट कीपर नव्हता. ती किक अडवायला कसब लागतं आणि ते त्याच्याकडे होतं. कमी पडली ती फक्त पुढच्या दोन-तीन सेकंदांची सावधगिरी. म्हणून सरावात नुसती झेप घ्यायला शिकू नका. झेप, अडवणं, उठणं, चेंडू शोधणं आणि तो छातीशी घट्ट धरणं, ही एकच हालचाल असल्यासारखी बसवा. चेंडू हातात स्थिर झाला, पंचाने खूण केली, मग वळा आणि हवं तेवढं ओरडा. चेंडू वर उडाला असेल तर जास्तच जपा, कारण उंच उडालेल्या चेंडूला फिरकी असते आणि टप्पा पडल्यावर तो कुठल्या दिशेला जाईल, सांगता येत नाही.

सातवा: कीपरचे पाय, कीपरची जबाबदारी

पूर्ण झालेली पेनल्टीसुद्धा पुन्हा घ्यावी लागते, आणि त्याचं नेहमीचं कारण कीपरचे पाय. चेंडूला पाय लागेपर्यंत कीपरने दोन्ही पोस्टच्या मध्ये, मारणाऱ्याकडे तोंड करून राहायचं. त्या क्षणी त्याच्या निदान एका पावलाचा काही भाग गोललाइनवर, तिच्या सरळ वर किंवा तिच्या मागे हवा.

कीपर आधीच पुढे आला आणि गोल झाला, तर गोल कायम. पुढे येऊन त्याने अडवली, तर किक परत. पुढे आला, पण किक बाहेर गेली किंवा पोस्टला लागून परतली, तर मारणाऱ्यावर त्याचा परिणाम झाला असेल तरच परत. पहिल्या वेळी ताकीद, पुन्हा केलं तर पिवळं कार्ड. वेळ संपल्यावरच्या पेनल्टीलाही हेच लागू आहे. बचाव करणाऱ्या संघाची चूक असेल आणि गोल झाला नसेल, तर वेळ संपली म्हणून किक बुडत नाही.

लाइनमनच्या कामात उभ्या असलेल्या पोरापोरींनो, डीची रेषा आणि गोललाइन मिळतात तिथे उभे राहा. आधी कीपरचे पाय बघा, मग रेषा. जाळी नसलेल्या मैदानावर तुमचीच नजर जाळी असते. अख्खा चेंडू रेषेपलीकडे गेला तरच गोल.

आठवा: पंचांनो, पेनल्टीनंतर खेळ कशाने सुरू होतो ते पाठ करा

पेनल्टीच्या वेळी घुसखोरी झाली, तर पुढे काय करायचं यात पंच चुकला की निकाल टिकत नाही. याची दोन उदाहरणं प्रत्येक पंचाने ध्यानात ठेवावीत.

३ सप्टेंबर २००५ ला ताश्कंदमध्ये विश्वचषक पात्रतेचा सामना होता, उझबेकिस्तान विरुद्ध बहारीन. उझबेकिस्तान १-० ने पुढे असताना त्यांनी पेनल्टीवर गोल केला, पण त्यांचाच खेळाडू लवकर डीत घुसला होता. किक परत घ्यायला हवी होती. पंचांनी बहारीनला इनडायरेक्ट फ्री किक दिली. फिफाने तो सामनाच रद्द केला. नव्याने खेळलेला सामना १-१ सुटला, परतीचा ०-० झाला, आणि परक्या मैदानावरच्या गोलमुळे बहारीन पुढे गेलं. जिंकत असलेला संघ बाहेर पडला.

दुसरं उदाहरण ४ एप्रिल २०१५ चं, मुलींच्या १९ वर्षांखालील युरो पात्रता सामन्यातलं. नॉर्वे २-१ ने पुढे, शहाण्णवाव्या मिनिटाला इंग्लंडला पेनल्टी. लिआ विल्यमसनने गोल केला, पण साथीदार लवकर आत घुसली होती. इथेही किक परत देण्याऐवजी नॉर्वेला इनडायरेक्ट फ्री किक दिली गेली. इंग्लंडने दाद मागितली. युएफाने निर्णय दिला की सामना त्याच क्षणापासून पुढे खेळवावा. ९ एप्रिलला बेलफास्टमध्ये दोन्ही संघ पुन्हा मैदानात आले, विल्यमसनने तीच पेनल्टी पुन्हा मारली, गोल केला आणि उरलेले १८ सेकंद खेळून सामना २-२ वर संपला. एक पेनल्टी पूर्ण व्हायला पाच दिवस लागले. हीच विल्यमसन पुढे इंग्लंडची कॅप्टन झाली आणि तिच्या संघाने २०२२ आणि २०२५ चे युरो चषक जिंकले. पाच दिवस डोक्यात तीच किक ठेवून ती पुन्हा तेवढ्याच शांतपणे मारणं, यातच तिचं पुढचं मोठेपण दिसतं.

आता नियम. मारणाऱ्याचा साथीदार लवकर घुसला, त्याचा कीपरवर परिणाम झाला आणि गोल झाला, तर किक परत. गोल झाला नाही, तर बचाव करणाऱ्या संघाला इनडायरेक्ट फ्री किक. घुसलेल्यानेच रिबाउंड मारला किंवा गोलची संधी तयार केली, तरीही इनडायरेक्ट फ्री किक. कुणाच्या खेळावर परिणाम न झालेली क्षुल्लक घुसखोरी २०२४ पासून सोडून द्यायची आहे. खुद्द मारणाऱ्याची चूक वेगळी. धाव पूर्ण झाल्यावर त्याने मारण्याचा नुसता आव आणून कीपरला फसवलं, तर पिवळं कार्ड आणि इनडायरेक्ट फ्री किक, मग गोल झालेला असो वा नसो. धावताना वेग कमी-जास्त करायला मात्र हरकत नाही. टायब्रेकरमध्ये मारणाऱ्याने अशी चूक केली, तर ती किक हुकली म्हणून नोंदवायची.

नववा: आपल्या मैदानांवरचे प्रसंग आधीच मनात सोडवून ठेवा

मोठ्या स्टेडियममध्ये जे क्वचित घडतं, ते आपल्या मैदानांवर सहज घडतं. टायब्रेकरमध्ये चेंडू चिखलात अडकून रेषेच्या अलीकडे थांबला, तर किक संपली. मारणाऱ्याने पुढे जाऊन ढकलायचा नाही.

चेंडू गोलकडे जात असताना कुत्रं आडवं आलं किंवा शेजारच्या डावातला चेंडू येऊन धडकला, तर किक परत घ्यायची. चेंडू त्याला लागूनही गोलमध्येच गेला आणि कीपरला अडवण्यात अडथळा आला नसेल, तर गोल द्यायचा. मात्र अडथळा आणणारा मारणाऱ्याच्या संघातला असेल तर तसा गोल धरायचा नाही.

कुणाला, पोस्टला किंवा क्रॉसबारला लागण्याआधीच चेंडू हवेत फुटला, तर किक परत. वाऱ्याने जाळी हलत असेल, पोस्ट डगमगत असतील, तर किकची शिट्टीच वाजवू नका. आधी ते नीट करून घ्या.

हे प्रसंग घरी बसून एकेक करून वहीत लिहा, उत्तरं शोधा, मित्रांना विचारा. मैदानावर शे-दोनशे माणसं ओरडत असताना उत्तर शोधायला गेलात तर सापडत नाही. आधी सापडलेलं असेल तरच आठवतं.

दहावा: दरवर्षी जुलैत नियमपुस्तक पुन्हा वाचा

फुटबॉलचे नियम दगडावर कोरलेले नाहीत. आयएफएबी दरवर्षी नवी आवृत्ती काढते आणि ती १ जुलैपासून लागू होते. कीपरचं एक पाऊल रेषेवर असलं की पुरे, हे २०१९ चं. घुसखोरीत परिणाम पाहायचा, हे २०२४ चं. नकळत झालेल्या दोन स्पर्शांवर किक परत, हे २०२५ चं. जुनं वाचून पाठ केलेला माणूस इथेच अडखळतो. माझ्या वयाच्या माणसांनी सांगितलेलंही डोळे झाकून घेऊ नका, ताज्या पुस्तकाशी ताडून बघा. हे कानमंत्रसुद्धा तसेच ताडून घ्या.

वाचताना एक करा. "पेनल्टी" या एका शब्दाखाली सगळं एकत्र वाचू नका. वहीत तीन रकाने आखा: चालू सामना, वाढीव वेळ, टायब्रेकर. प्रत्येक रकान्यात लिहा की चेंडूला कोण हात-पाय लावू शकतो, कशाने किक संपते आणि संपल्यावर पुढे काय होतं. एवढं एक पान तुमच्या खिशात असलं, तर मैदानावरचे निम्मे वाद तुमच्यापर्यंत येणारच नाहीत.

शेवटी एवढंच मागणं आहे. खेळाडू असाल तर शिट्टी होईपर्यंत चेंडूवरची नजर काढू नका. पंच असाल तर किक खरोखर पूर्ण झाल्याशिवाय गडबडीने शिट्टी वाजवू नका, आणि एकदा वाजवली की ठाम राहा. प्रेक्षक असाल तर पंचाची खूण दिसेपर्यंत मैदानात धावू नका. पेनल्टी मिळवायला अख्ख्या संघाची मेहनत लागते. नियम न कळल्यामुळे ती वाया जाऊ देऊ नका. पुढच्या सामन्याला निघायच्या आधी दहावा आणि चौदावा नियम वाचा, आणि मगच बूट बांधा.